साडेचारचं हसू

प्रिय आई,

आज रविवार. साडेचार वाजले आणि हॉलमधला टॅब कोकलला. पडद्यावर नेहमीची अक्षरं आली, 'आई. लॉन्ड्री.' तुला जाऊन साडेतीन महिने झाले, पण हा गजर मी अजून काढलेला नाही.

लिहायला बसलो ते मात्र गजरामुळे नाही. आज सकाळी तुझी वही वाचली. हो, तीच, लाल पेनाने समास आखलेली. तू असताना ती कधी बघायला मागितली नाही, आणि आता वाचून तुलाच पत्र लिहितोय. वरातीमागून घोडं! पण करू काय? कबुली द्यायची ती तुलाच द्यायची आहे.

हे सगळं सुरू झालं ईशानमुळे, आठवतं? सहा वर्षांचा होता. तू फोनवर विचारायचीस, "काय रे सोन्या, जेवलास का?" त्याला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं, "येस आजी, आय हॅड हीप्स." मग तू मला विचारायचीस, "काय म्हणाला?" मी सांगायचो, "खूप जेवला म्हणतोय." असं चार-सहा वेळा झालं आणि तू त्याला थेट विचारणंच सोडलंस. एकदा मात्र म्हणालीस, "मिल्या, नातवाशी बोलायला मला दुभाष्या लागतो. बत्तीस वर्षं तिसरीच्या पोरांना मराठी शिकवलं मी. आता याला न्यूझीलंडला, ख्राइस्टचर्चात जाऊन शिकवणं काही जमायचं नाही. तर मीच शिकते."

आणि तुला आठवली ती जुनी अमेरिकन मालिका. मी दहावीत असताना केबलवर लागायची. मी बघायचो आणि तू शेजारी बसून तांदूळ निवडायचीस. एका लॉन्ड्रीच्या दुकानात घडणारी. दुकानाचा मालक, त्याची बायको आणि तिचा रिकामटेकडा भाऊ. इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून तू त्यांचं बारसंच केलंस. मालक अण्णा, बायको वहिनी आणि तो मेव्हणा बाळू. "त्यांचं इंग्रजी सोपं आहे," तू म्हणालीस. "कपडे, साबण, इस्त्री. अमेरिकेचं राजकारण नाही काही नाही."

मग ठरलं. रविवारी तुझ्याकडे सकाळी दहा, माझ्याकडे दुपारी साडेचार. फोन लावायचा, दोघांनी एकच भाग काढून ठेवायचा, "एक, दोन, तीन, चालू!" म्हणायचं आणि तो हजारो मैलांवरून एकत्र बघायचा. आमची घड्याळं उन्हाळ्यात एक तास पुढे जायची, तेव्हाही मी साडेचारच धरून ठेवले. मला तेच सोयीचं होतं. तू काही न बोलता तिकडे नऊला बसायला लागलीस, पूजा आधी उरकून. हे मला ताईकडून कळलं, तेसुद्धा आत्ता.

पहिलं वर्ष मी खरंच बघत होतो गं! एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेव. तो वीज जाण्याचा भाग आठवतो? अंधारात सगळ्या गावाच्या विजारींची अदलाबदल होते आणि दुसऱ्या दिवशी बँकेचा साहेब फायरमनची विजार घालून कामावर जातो. जगभर लोक त्या भागावर लोळून हसले. तू मात्र म्हणालीस, "यात हसायचं काय? आपला इस्त्रीवाला दर आठवड्याला हेच करतो." मी इतका हसलो की ईशान आतून धावत आला.

आणि तुझा तो प्रश्न! "मिल्या, ही मागे हसणारी माणसं कोण? दिसत का नाहीत?" मी सांगितलं, ती स्टुडिओतली असतात, कधीकधी तर हसू आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, नंतर हवं तिथे डकवतात. तू म्हणालीस, "म्हणजे न बघताच हसतात? काय हा मेला खोटेपणा!"

तुझं म्हणणं मी तेव्हा सोडून दिलं. नंतर मीच ते करायला लागलो.

कशाने सुरू झालं ते सांगू? काही मोठं कारण नव्हतं. रविवारची दुपार इथे कामाची असते. गवत कापायचं, आठवड्याचे कपडे वाळत घालायचे, ईशानला पोहायला सोडायचं. आणि मालिका तर मला पाठ होती. तू दर दोन मिनिटांनी विचारायचीस, "तो काय म्हणाला?", "याचा अर्थ काय?" मला कंटाळा यायचा आई. खरंच यायचा. एकदा तुला इंटरनेटवरची यादी पाठवली, या मालिकेतले सर्वात लोकप्रिय दहा भाग. वर लिहिलं, "एवढे बघितलेस तरी पुरे." काम आटोपतं घ्यायचा माझा बेत तू ओळखला नाहीस, की ओळखूनही सोडून दिलास? उत्तर आलं, "दहाच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

मग मी एक शक्कल काढली. आधी म्हणालो, "आई, व्हिडिओने नेट अडकतं, नुसता आवाज ठेवू." नेट कुठेही अडकत नव्हतं. टॅबवर तुझा फोन, शेजारी टीव्हीवर भाग चालू, म्हणजे त्याचा आवाज तुला जाईल. आणि मी मोकळा. बावीस मिनिटांचा भाग. कुठल्या मिनिटाला कोण घसरतं ते मला तोंडपाठ. कपडे वाळत घालता घालता आत यायचं, टॅबजवळ "हा हा, बाळू म्हणजे अगदी कहर आहे!" म्हणायचं, परत बाहेर. तुझी सून मेधा एकदा म्हणाली, "अरे, लाज वाटत नाही? त्या बसल्या असतील तिकडे वही घेऊन." मी म्हटलं, "तिला आनंद मिळतोय ना? मग झालं." स्वतःला फसवायला मराठीत वाक्यांची कमी नाही.

त्यानंतर कधीतरी तुझे प्रश्न कमी झाले. मला वाटलं, आईला आता इंग्रजी समजायला लागलं. मनातून सुटल्यासारखं वाटलं. आणि पुरावाही मिळाला. एका रविवारी ईशान म्हणाला, मी पोहण्याच्या शर्यतीत दुसरा आलो, तर तू फोनवरून ठणठणीत आवाजात म्हणालीस, "स्वीट ॲज, ईशान! हीप्स गुड!" पोरगा उड्याच मारायला लागला. "डॅड, आजी सेड स्वीट ॲज!" मी विचारलं, "आई, हे कुठून शिकलीस? 'मस्तच'ला अमेरिकन तर असं म्हणत नाहीत." तू म्हणालीस, "म्हणतात की. तू लक्ष देऊन बघत नाहीस."

मी हसलो त्यावर. खरंखुरं हसलो!

शेवटचा भाग तू राखून ठेवला होतास. त्यात अण्णा दुकान विकतो, हे तुला कुणीतरी सांगितलं होतं. "दुकान बंद होताना मला एकटीने बघायचं नाही. तू आलास की सोफ्यावर शेजारी बसून बघू. तोवर आपले जुनेच परत बघू." मी म्हटलं, नाताळच्या सुट्टीत येतो. नाताळात कामाची निविदा निघाली. मग म्हटलं, ईस्टरला. ईस्टरला आम्ही घर रंगवायला काढलं. रंगवायला, आई! भिंती काही पळून जाणार नव्हत्या.

आणि मग तो शेवटचा रविवार. मेधा आणि ईशान कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलेले. मी रंगाचा डबा चुकीच्या छटेचा आणलेला आणि दुकान पाचला बंद होणार. साडेचारला तुला फोन लावला. तू म्हणालीस, "आज टर्कीचा भाग लावू या." वहिनीचा ओव्हन बिघडतो आणि बाळू टर्की इस्त्रीच्या वाफेवर शिजवतो, तो भाग. तुझा आवाज जरा दमलेला वाटला. विचारावं असं आलं होतं मनात. पण डोळा घड्याळावर होता. "एक, दोन, तीन, चालू!" टीव्ही चालू केला, किल्ली घेतली आणि गाडी काढून निघालो. घर रिकामं. तिकडे तू, इकडे टॅब. दुकान सात मिनिटांवर. डबा बदलला, परत आलो, दारातून धावत टॅबपाशी, धापा टाकत. विसाव्या मिनिटाला पाहुण्यांच्या कपड्यांना टर्कीचा वास येतो, तिथे अगदी बरोबर पोचलो. "हा हा! आई, हे दरवेळी बघून पोट दुखतं!"

तू म्हणालीस, "पाणी पी आधी."

मला वाटलं, मी हसून हसून दमलो असं तुला वाटलं.

बुधवारी ताईचा फोन आला. मी शुक्रवारी चिंचवडला पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. दिवस झाले, परत निघालो, तेव्हा ताईने वही हातात ठेवली. "तुझीच आहे ही. दर रविवारी लिहायची. मला हात लावू द्यायची नाही." इथे विमानतळावर बाहेरचा झाडपाला अडवणाऱ्या बायोसिक्युरिटीच्या बाईने मेतकुटाचा डबा जाऊ दिला, पण वही झटकली तर तुळशीचं वाळकं पान पडलं. "सॉरी, कान्ट लेट दिस थ्रू," म्हणाली बिचारी आणि चिमट्याने उचलून पिशवीत टाकलं. मी वही बॅगेत घातली आणि घरी येऊन कपाटात. उघडली नाही. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, त्यात भागांच्या गोष्टी असतील, इंग्रजी शब्द असतील आणि माझं खोटं मला दर पानावर दिसेल.

आज सकाळी ईशानने ती काढली. त्याला मराठी वाचता येत नाही, पण मध्येच मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक शब्द दिसला आणि तो घेऊनच आला.

"डॅड, व्हाय डिड आजी राइट टॉग्ज?"

टॉग्ज! पोहायच्या कपड्यांना इथे टॉग्ज म्हणतात. अमेरिकन मालिकेत हा शब्द यायचं काही कारण नाही. मी वही घेतली आणि तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली.

सुरुवातीची पानं तुझ्या शिस्तीची. भागाचं नाव, नवे शब्द, शेवटी गुण. 'विजारींचा भाग. दहापैकी सहा. मिलिंद फार हसला.' दहापैकी दहा तू आयुष्यात कुणाला दिले नाहीस. माझ्या निबंधालासुद्धा कधी नऊच्या वर गेली नाहीस. म्हणायचीस, दहावा गुण देवाचा.

मग दोन वर्षांपूर्वीचं ते पान. जसंच्या तसं लिहितो.

'आज टर्कीचा लावायचा होता. चष्मा नव्हता, चुकून कोटाचा लागला. मिलिंदला तीनदा हाक मारली, अरे थांबव, माझा दुसराच लागलाय. उत्तर नाही. त्याच्याकडे टर्कीवाली माणसं हसत होती. तो खोलीत नाही. शेवटी आला आणि हसला. जागा चुकली.'

कोटाचा भाग, आई! त्या यादीत पहिल्या नंबरावर तोच आहे. एक म्हातारी दर महिन्याला नवऱ्याचा कोट धुवायला टाकते. नवरा केव्हाच गेलेला. शेवटी ती कोट नाकाला लावते आणि म्हणते, याला आता नुसता साबणाचा वास येतो, पुढच्या महिन्यापासून आणणार नाही. अख्ख्या मालिकेत तेवढीच दोन मिनिटं मागे कुणी हसत नाही. तिथे मी हसलो. तुझ्या कानात. आणि तू बोलली नाहीस!

का नाही बोललीस? तिसरीतल्या पोराने गृहपाठ दुसऱ्याचा उतरवला तर तुला अक्षरावरून कळायचं आणि उभा करायचीस त्याला वर्गात. मला का नाही उभं केलंस? रागावली असतीस, "मिल्या, बघायचं नसेल तर फोन कशाला लावतोस?" म्हणाली असतीस, तर मी ओशाळून का होईना, बसलो असतो गं शेजारी.

पुढच्या रविवारचं पान. 'टीव्ही लावला, पण आवाज बंद ठेवला. त्याच्या घरातलं ऐकू येतं. कुकरच्या तीन शिट्ट्या. ईशान ओरडला, डॅड, व्हेअर आर माय टॉग्ज? (टॉग्ज म्हणजे काय? कुणाला तरी विचारणे.) मेधा हसली. कपड्यांचं मशीन थरथरतं, खाली पुठ्ठा घालायला सांगावं, पण कसं सांगणार?'

त्यापुढे मालिका नाहीच. दोन वर्षं नाही. तू दर रविवारी, पूजा आधी उरकून, आमचं घर ऐकत बसत होतीस. आमच्या मशीनचा आवाज, दाराची कुरकुर, ईशानचं पियानोवर चुकणं. 'स्वीट ॲज' तू आमच्याच घरात शिकलीस. शेवटच्या पानावर तुझीही यादी आहे, सर्वात आवडते दहा भाग. त्यात एकही भाग अमेरिकेतला नाही. पहिला आहे 'ईशानचा दात पडला तो', आणि चौथा 'मिलिंद एकटाच जुनं गाणं म्हणत भांडी घासत होता तो'.

यादीच्या आधी शेवटची नोंद. ती वाचेपर्यंत मी सावरलो होतो.

'आज घरात कुणीच नाही. टीव्ही सोडला तर नुसता फ्रिज आणि बाहेर एक पक्षी. वाट पाहिली. भीती वाटली, पोराला काही झालं तर नाही? मग गाडी आली. धावत आला, धापा टाकत हसला. एवढं धावायची काय गरज होती? पण आला. दहापैकी दहा.'

दहापैकी दहा, आई. मला. त्या दिवसाचे.

मी ओट्याला धरून रडलो. ईशान घाबरला. "डॅड? व्हॉट डझ इट से?" मी त्याला सगळं सांगितलं. मराठीत. टीव्ही लावून बाहेर जायचो ते, खोटं हसायचो ते, रंगाचा डबा. काही गाळलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सो शी वॉज जस्ट लिसनिंग टू अस? अँड यू वर नॉट इव्हन देअर?" वर म्हणाला, "दॅट्स रिअली मीन, डॅड." मग जवळ आला आणि अडखळत मराठीत म्हणाला, "आजीला माहीत होतं ना, मी तिकडे होतो?"

मी म्हटलं, होतं रे बाबा. पानापानावर तूच आहेस.

तुझे ते दहा गुण मला पचत नाहीत, आई. परत करायचे तर घेणारं कुणी नाही. माफी मागतो, पण तू ती आधीच देऊन ठेवली आहेस, हेच जास्त टोचतं. तू एकदा रागावली असतीस तर मला मागायला जागा राहिली असती.

तर ऐक. मशीनखाली पुठ्ठा घातला आहे, आजच. शेवटचा भाग मी अजून पाहिलेला नाही. येत्या रविवारी ईशान आणि मी सोफ्यावर शेजारी बसून बघू. तो "व्हाय?" विचारेल तेवढ्या वेळा भाग थांबवीन आणि मराठीत सांगीन. हसायला आलं तरच हसेन. फोन आतल्या खोलीत, गाडीची किल्ली मेधाकडे. गजर मात्र राहू दे.

आणि त्यानंतरच्या रविवारी, आणि त्याच्याही नंतरच्या. कुणी ऐकत असो की नसो, साडेचारला मी घरी असेन.

तुझा,
मिल्या